मुंबई ते टोरांटो, एक हजार चाळीस योजनं

बाबा,

माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली आहे, आणि ती कुणाला सांगावी असा विचार केला तर तुमच्याशिवाय दुसरं माणूस डोळ्यांपुढे येत नाही. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगण्यासारखं बरंच घडलं, पण मी कधी कागद घेऊन बसलो नाही. तिथीला नाव-गोत्र उच्चारलं, पिंड ठेवला, पान वाढलं, झालं. आज बसलो आहे तो काही चांगलं सांगायला नाही. तुम्ही समोर असता तर हे बोलायची माझी छाती झाली नसती, हेही आधीच कबूल करतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत कारकून होतो आणि भिक्षुकी रविवारपुरती ठेवली होती. निवृत्त झाल्यावर ती पूर्णवेळ झाली. देऊळघाटचं घर आता कुलूपबंद असतं. मी बुलढाण्यात राहतो. तुम्ही खांद्यावर पडशी टाकून पायी जायचात, फार तर एस.टी.नं, मी स्कूटरवर जातो, आणि पंचांग आता मोबाइलमध्येही पाहायला मिळतं. लोक मलाही 'महाराज' म्हणतात. तुम्हाला म्हणायचे तेव्हा त्यात थोडा धाक असायचा. मला म्हणतात तेव्हा पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "महाराज, जरा आटोपशीर करा." आणि मी आटोपतो. त्यासाठीच मी लोकांना आवडतो. कुणाला मुहूर्त अडचणीचा झाला की मी दुसरा काढून देतो, कुणाला उपास झेपत नसला की फळं चालतात म्हणतो. पुराणातली वांगी पुराणात, असं तुम्ही ज्या भटांना हसायचात, त्यांतलाच मी एक झालो आहे. इथवर मला स्वतःचा फारसा राग नव्हता. लोकांच्या सोयीनं थोडं वाकलं तर काय बिघडतं, असं मी मानत होतो.

मागच्या वर्षी माझा एक मित्र गेला. तहसील कचेरीत हेडक्लार्क होता. निवृत्तीनंतर आम्ही दोघं रोज सकाळी बरोबर फिरायला जायचो. एका सकाळी तो आला नाही, आणि मी त्याच्या घरी पोचलो तोवर अंगणात माणसं जमली होती. त्याचा एकुलता एक मुलगा टोरांटोला असतो. तो काही त्या दिवशी पोचणं शक्य नव्हतं, म्हणून पुतण्यानं अग्नी दिला. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास मी त्यांच्याकडे बसलो होतो. वहिनी, म्हणजे माझ्या मित्राची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिकडे सकाळ झाली होती आणि मुलाचा व्हिडिओ कॉल आला. पुतण्यानं फोन माझ्या हातात दिला. पोराचे डोळे सुजलेले होते. लहानपणी मीच त्याची मुंज लावली होती, त्यामुळे मला तो काका म्हणतो.

"काका," तो म्हणाला, "मी येऊ शकतो. दहाव्याच्या आत पोचतो. पण इकडे शनिवारी नव्या घराची वास्तू ठरली आहे. सासू-सासरे त्याच्यासाठीच नागपूरवरून आले आहेत. माह्या तर डोक्यात काही शिरून नाही राह्यलं. सुतक असते का मले? शास्त्रात काय आहे ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगसान तसं करतो."

वहिनी फोनकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या. ते मला दिसत होतं. त्या बाईला काय हवं आहे हे समजायला पोथी लागत नव्हती. तिचा पोरगा जणू दाराशी उभा होता आणि दार उघडायचं की नाही हे मी सांगायचं होतं. आणि मी घसा साफ केला आणि म्हणालो, "हे पाह्य बेटा, मुंबई ते टोरांटो हवाई अंतर आहे साधारण बारा हजार चारशे ऐंशी किलोमीटर. चार कोसाचं, म्हणजे बारा किलोमीटरचं एक योजन धरलं तर एक हजार चाळीस योजनं होतात. शास्त्रानं साठ योजनांच्या पुढे देशांतर मानलं आहे. तू तर सातासमुद्रापार आहेस. बातमी ऐकली, डोक्यावरून अंघोळ केली, सुटला. वास्तू खुशाल कर."

खोलीतली माणसं माझ्याकडे कौतुकानं पाहायला लागली. एक जण हळूच म्हणाला, "महाराजले तोंडपाठ आहे बावा सगळं." वहिनींनी विचारलं, "म्हणजे त्याले यायची गरज नाही?" मी म्हणालो, "शास्त्राप्रमाणे नाही, वहिनी." त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "हाव. तुम्ही म्हणता तर नसंल." आणि उठून आत गेल्या. मुलगा शनिवारी वास्तूला बसला. दहाव्याला पैनगंगेच्या काठी पुतण्यानं पिंड दिले. कावळा लगेच आला, त्यामुळे कुणाला काही बोलायला जागाच राहिली नाही.

मी कुठं चुकलो ते तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. माझी गंमत अशी की मला ते बोलतानाच माहीत होतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं, म्हातारपणी विसरणं लोक माफ करतात. पण तो नियम तुम्ही मला ज्या दिवशी शिकवलात तो दिवस मी विसरणं शक्य नाही.

मी तेव्हा सहावीत. देऊळघाटच्या घरी तुम्ही ओट्यावर टकळीवर जानव्याचं सूत काढत बसला आहात, आणि दोन माणसं येऊन पायरीखाली उभी राहतात. दोघं कलकत्त्याला एका गिरणीत कामाला होते, एकाच खोलीत राहायचे. एकाचा बाप गावात वारला होता. दुसरा त्याचा चुलत भाऊ. बाप गेल्याचं, कोपरा फाडलेलं कार्ड इथून वेळेवर टाकलं होतं, पण त्यांनी खोली बदलली होती, आणि ते फिरत फिरत महिन्याभरानं त्यांच्या हातात पडलं. मग रजा मिळून गावात येईपर्यंत आणखी पंधरा दिवस. भावकीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की एवढ्या लांबच्या माणसाला सुतक नसतं, महाराजांना विचारून घ्या आणि मोकळे व्हा. तुम्ही टकळी थांबवलीत आणि मला हाक मारलीत. "तुह्यं ते नकाशाचं पुस्तक आण. अन् पाह्य, इथून कलकत्ता किती योजनं होते ते."

मला केवढा अभिमान वाटला होता. माझ्या शाळेच्या नकाशासंग्रहात देऊळघाट नव्हतंच, बुलढाणाही नव्हतं. मी अकोल्याच्या थोडं डावीकडे बोट ठेवलं. तुमच्याच सुताचा तुकडा घेतला, एक टोक तिथं धरलं आणि दुसरं कलकत्त्याला नेलं. मग तो धागा खालच्या मोजपट्टीवर ठेवून किलोमीटर काढले, त्याला बारानं भागलं. आकडा शंभराच्या वर गेला. मी उडीच मारली. "शंभराच्या वर, बाबा! दोघंही सुटले!"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की धागा माझ्या हातातून गळून पडला. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "तुले मोजायले सांगतलं होतं. सोडायले नाही सांगतलं."

मग तुम्ही चुलत भावाला म्हणालात की तू नदीवर जाऊन अंघोळ कर आणि घरी जा. तो गेला. मुलगाही त्याच्या मागे निघाला तेव्हा त्याला थांबवलंत. "तू कुठं चालला? भाऊबंदाले अंतर असते बावा. लेकाले नसते. लेक कुठंही असो, त्यानं ज्या दिवशी ऐकलं त्या दिवसापासून दहा दिवस." तो चाचरत म्हणाला, "मले समजून तर पंधरा दिवस झाले, महाराज." तुम्ही विचारलंत, "मग त्या दिवशी काय केलं तू?" तो म्हणाला, "कामावर गेलो. पाळी होती." एवढं म्हणून तो पायरीवर बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. तेवढा मोठा माणूस रडताना मी तोवर पाहिलेला नव्हता. तुम्ही त्याला रडू दिलंत. बऱ्याच वेळानं म्हणालात, "आजपासून धर." पुढचे दहाही दिवस संध्याकाळी तुम्ही त्याच्या ओट्यावर जाऊन बसत होतात. काही बोलत नव्हतात म्हणे. आई कुरकुरायची की घरची कामं टाकून तिथं काय जाऊन बसायचं. मला तेव्हा वाटलं की तुम्ही त्या माणसाला शिक्षा केलीत. मला कळायला फार वर्षं लागली की ते दहा दिवस तुम्ही त्याला दिले होते. गिरणीनं दिले नव्हते, चुलत भाऊ देणार नव्हता. रडायला एक ओटा आणि दहा दिवस, एवढंच त्याला हवं होतं.

महिन्याभरानं तुम्ही बुलढाण्याहून येताना धोतराच्या फडक्यात गुंडाळून एक छोटा पृथ्वीचा गोल आणला होतात. एका निवृत्त हेडमास्तरांच्या घरच्या पूजेला गेला होतात आणि त्यांच्याकडे तो पडून होता. दक्षिण ध्रुवाशी चिरला होता, खालची दांडी हलत होती. "सपाट कागदावर मोजलं का चूक होते," तुम्ही म्हणालात, "मास्तर सांगत होते. याच्यावर मोजत जा." रागावल्याबद्दल तुम्ही कधी माफी मागितली नाहीत, बापानं मागायची पद्धतही नव्हती. पण तो गोल म्हणजे तेच होतं असं मी धरून चाललो. तो अजून माझ्याकडे आहे.

तर नियम मला माहीत होता. शब्दनशब्द माहीत होता. मग मी त्या पोराला खोटं का सांगितलं? आणि एक हजार चाळीस हा आकडा माझ्या तोंडात एवढा तयार कसा होता? कुणालाही वाटलं असेल, महाराज विद्वान आहेत. ती विद्वत्ता नव्हती, बाबा. तो आकडा मी आधी एकदा वापरलेला होता.

तुमची सून जाऊन आता तीन वर्षं झाली. तुम्ही तिला सून म्हणून फारशी हाक मारली नाहीत, नेहमी 'बाई' म्हणायचात, आणि ती तुमच्या जेवणाआधी कधी जेवली नाही. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तुमचा नातू, ज्याला तुम्ही मांडीवर घेऊन अंक शिकवलेत, तो पण टोरांटोलाच आहे. माझ्या मित्राचा मुलगा आणि तो एकमेकांपासून अर्ध्या तासावर राहतात, एकानं दुसऱ्याला नोकरी पाहून दिली. ती गेली त्या दिवशी मी त्याला फोन केला. तो निघतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. नवी नोकरी, घरात लहान मूल, हजार भानगडी. पण दहावं जवळ आलं तसं मला कळायला लागलं की लोक विचारतील. भिक्षुकाच्या घरी मुलानं आईचं दहावं केलं नाही, हे गाव कसं सोडेल? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तोंडावर म्हणायलाही कमी करणार नाहीत. म्हणून एका दुपारी मी मोबाइलवर अंतर पाहिलं, कागदावर भागाकार केला आणि आकडा पाठ करून ठेवला.

दहाव्याला नदीवर माझ्या मेहुण्यानं सगळ्यांदेखत विचारलंच. चिखलीचा आहे, तोंडाचा फटकळ. "भाचा काऊन नाही आला, भावजी?" मी तयार होतो. म्हणालो, "येतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. देशांतर आहे. एक हजार चाळीस योजनं. शास्त्रानं त्याला मोकळं केलं आहे." मेहुणा गप्प झाला. लोकांनी माना डोलावल्या. शास्त्र म्हटलं की लोक गप्प होतात, हे मी तुमच्याचकडे पाहून शिकलो होतो. फक्त तुम्ही शास्त्र बोलायचात तेव्हा समोरचा रडायला मोकळा व्हायचा, आणि मी बोललो तेव्हा मी लपायला मोकळा झालो. माझा मित्र त्या दिवशी माझ्याशेजारी उभा होता. वहिनी बायकांमध्ये बसल्या होत्या.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. मित्राच्या मुलानं जेव्हा मला विचारलं की येऊ का, तेव्हा मी 'ये' म्हणू शकत नव्हतो. तो आला असता, दहा दिवस बसला असता, नदीवर त्यानं पिंड दिले असते, आणि सगळ्या बुलढाण्यानं विचारलं असतं की हा तिथूनच आला, मग महाराजांचा का नाही आला? अंतर तेच, विमान तेच. एका खोट्याला दुसऱ्याच्या घरात नेऊन टेकू दिला, बाबा. स्वतःचं झाकायला मी एका विधवेच्या घरी तिचा मुलगा येऊ दिला नाही. त्यातलं अंतराचं कारण तर हसू यावं असं होतं. जुन्या काळी बातमी जायलाच महिना लागायचा म्हणून ती योजनं. या पोराला बाप गेल्याचं आमच्या शेजाऱ्यांच्या आधी कळलं होतं.

परवा त्या घरी वर्षश्राद्ध झालं. मुलगा आला होता, बायको-मुलांसह. केस कानाशी पांढरे झाले आहेत. वर्षश्राद्ध मीच सांगितलं. त्यानं सगळं मन लावून केलं, एकदाही मोबाइलकडे पाहिलं नाही. ब्राह्मणांची पानं उठल्यावर तो माझ्या पाया पडला आणि शेजारी बसून म्हणाला, "काका, एक विचारू? राग नका येऊ देऊ. तिकडे मंदिरात एक म्हातारे गुरुजी आहेत. मी सहज त्यांना विचारलं. ते म्हणे मुलाले अंतर लागतच नाही. जिथं असंल तिथं दहा दिवस." त्यानं बापाच्या फोटोकडे पाहिलं. "मी तिकीट काढून ठेवलं होतं, काका. तुमच्याशी फोन झाला अन् मग रद्द केलं. त्या घरात अजून मले झोप नीट नाही येत."

त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं पडलं असतं. तो खरंच विचारत होता, शाळेतला मुलगा मास्तरांना विचारतो तसा. तेव्हा तरी मी खरं सांगायचं. माझा मित्र समोर फोटोत होता, हार घातलेला. मी पंचपात्र पुसत म्हणालो, "मतांतरं असतात, बेटा. प्रत्येक पोथीचं वेगळं." तो 'बरं' म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर थोडं बरं वाटल्यासारखंही झालं. म्हणजे मी त्याला दुसऱ्यांदा सोडवलं, आणि तेही खोटं बोलूनच.

निघताना शिधा घ्यायला मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. वहिनी एकट्याच होत्या. पातेल्यातली खीर डब्यात काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, तो काय म्हणत होता ते ऐकलं मी. त्याचं मनावर घेऊ नका." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "मले त्याच दिवशी समजलं होतं. तुमच्या घरच्या वहिनीच्या दहाव्याले तुम्ही हेच सांगतलं होतं, हाच आकडा. मी तिथंच बसली होती. तुमचा पोरगा आला नाही, मग माह्याले 'ये' असं तुम्ही तरी कसं म्हणणार होते?"

त्यांनी डबा माझ्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "मी बोलली असती तर तुमची इज्जत चारचौघांत गेली असती. ह्यांच्या रोजच्या फिरण्यातलं माणूस. म्हटलं, जाऊ द्या."

म्हणजे त्या बाईनं माझी अब्रू राखायला तिच्या मुलाचं येणं सोडून दिलं होतं. वर्षभर मी त्या घरी येत-जात होतो, चहा पीत होतो, आणि त्यांना सगळं माहीत होतं. मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, बाबा. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "डबा उद्या पोचता करतो." आणि चपला घालून बाहेर पडलो. डबा अजून इथंच आहे, घासून पालथा ठेवलेला. तो घेऊन त्या दारात जायचे पाय होत नाहीत.

काल सकाळी माळ्यावरून तुमचा गोल काढला. धूळ पुसली, ओट्यावर ठेवला. तुमच्या सुनेचं शिवणाचं रीळ अजून खिडकीत आहे, त्यातला धागा तोडला. एक टोक मुंबईवर धरलं आणि दुसरं टोरांटोला नेलं. मला वाटत होतं, धागा अरबस्तानावरून, युरोपावरून, समुद्रावरून जाईल, जसं भिंतीवरच्या नकाशात दिसतं. ताणून धरल्यावर तो सरकला, सरळ वर चढला, रशियाच्या डोक्यावरून, बर्फावरून, ध्रुवाच्या जवळून गेला आणि पलीकडे उतरला. जवळचा रस्ता तिकडून आहे. तुमचे मास्तर खरं सांगत होते. मग तो धागा वितेला लावून पाहिला. वीतभरसुद्धा भरला नाही. एवढ्यासाठी मी हजार योजनं करून सांगितली होती.

आता काय करू, हे तुम्हाला विचारावं म्हणून लिहायला बसलो. पण लिहिता लिहिता दिसतं आहे की तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. त्या पोराला बोलावून सांगावं लागेल की मतांतर वगैरे काही नाही, मी खोटं बोललो, तुला दहा दिवस होते आणि ते मी घेतले. तो उद्या संध्याकाळी परत जायला निघतो आहे. डबा घेऊन सकाळीच जाईन म्हणतो. जाईन की नाही हे लिहून देत नाही, माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही. गेलो तर गावात बोभाटा होईल, आणि मग माझ्या मुलाचंही नाव निघेल. लोकांना आपलं झाकून दुसऱ्याचं वाकून पाहायला किती आवडतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. होऊ दे.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. पंचांगात ठेवून देतो, तिथं माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही. मिटायच्या आधी एकदा वाचून काढला आणि एका ठिकाणी अडखळलो. वर मी लिहिलं आहे की तुमचा नातू निघतो म्हणत होता आणि मीच त्याला नको म्हटलं. तीन वर्षं सगळ्यांना तेच सांगत आलो आहे, म्हणून तुम्हालाही तसंच लिहून गेलो. तो तसं म्हणाला नव्हता, बाबा. मी म्हटलं, "आई गेली." तिकडून काहीच आवाज येईना. तो आता काय म्हणेल, याची मला एवढी भीती वाटली की त्यानं तोंड उघडायच्या आत मीच म्हणून टाकलं, "येऊ नको. फार लांब आहे."